कोळेकर-थांबा

माझा हात चौदा देशांत आहे. मिरवायला सांगत नाही. मिरवायची हौस पहिल्याच वर्षी फिटली. दिल्लीहून शाल-श्रीफळ घेऊन परत आले, तर तासगाव स्टँडवर एका बाईनं मला निरखून विचारलं, "तुमीच का त्या, हात विकलेल्या?" म्हटलं, विकला नाही बाई, सरकारनं उसना दिलाय. तिला काही ते पटलं नाही. माझे दोन्ही हात जागेवर आहेत ना ते तिनं बघून घेतलं आणि मगच पिशवी उचलली.

मी सारिका कोळेकर. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर मणेराजुरीच्या बाजूचं. बारावी सायन्सपर्यंत शिकले, पुढं लग्न. सासरी पाच एकर द्राक्षबाग. आता बाग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे काही येत असेल ते सोडा. गारपिटीच्या भीतीनं आमच्याकडं सगळ्या मांडवांवर प्लास्टिकचं छत आलंय, आणि त्या छताखाली वेलींच्या दोन ओळींमधून घागरीएवढं फवारणीचं ड्रोन उडवायचं. वर लोखंडी तारांचं जाळं, त्यामुळं उपग्रहाचा सिग्नल तिथं नीट पोचत नाही, पोचला तर वेडावाकडा. आपण कुठं आहोत तेच यंत्राला कळत नाही. मग माणसानंच डोळे उघडे ठेवायचे, पंख्यांचा आवाज ऐकायचा, पानं कुठं झुकतात त्यावरून वारा ओळखायचा आणि अंगठ्यानं रिमोटची कांडी हलवायची. हे मला माझ्या सासऱ्यांनी, आण्णांनी शिकवलं. त्यांनी जन्मभर ट्रॅक्टरवर फवारणीचा ब्लोअर चालवला होता. ड्रोनला ते माशी म्हणायचे आणि तिच्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही.

चौतीस साली उत्तरेत युद्ध पेटलं ते सव्वीस महिने चाललं. पहिल्या महिन्यातच दोन्ही बाजूंनी एकमेकांचं आकाश आंधळं करून टाकलं. सिग्नल नाही, नकाशा नाही, रेडिओवर नुसती खरखर. शिकलेसवरलेले पायलट काळ्या पडद्याकडं बघत बसले. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की आंधळ्या आकाशात रोज उडवणारी माणसं आपल्याकडं आहेत, ती द्राक्षं पिकवतात. तलाठ्याकडून याद्या मागवल्या. आमच्या तालुक्यातनं त्रेसष्ट जण गेले, त्यात बायका सतरा. मी निघाले तेव्हा माझा नवरा हणमंत एवढंच म्हणाला, "जा. फवारणी मी बघतो." तो वर्षभरात जेवढं बोलतो, त्या मानानं हे बरंच झालं.

तिथं काय केलं ते सविस्तर सांगणार नाही. समोर सैनिक होते, इकडंही सैनिक होते. मी चांगलं उडवलं. त्याचा अभिमानही आहे आणि त्यापायी झोपही लागत नाही. दोन्ही एका माणसात राहू शकतं हे मला चाळिशीत कळलं.

आता हात म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आंधळ्या आकाशात माणसाचा हुकूम यंत्रापर्यंत पोचतच नाही, म्हणून शेवटचा टप्पा यंत्रानं स्वतःचं स्वतः उडायला लागतं. पण नुसत्या गणितावर उडणारं यंत्र फार शहाणं असतं. तसाच प्रसंग आला की तेच वळण घेतं. समोरच्याचं यंत्र ते वळण आठवड्यात पाठ करतं आणि ड्रोन जिथं जाणार तिथं आधीच नेम धरून बसतं. माणूस असा उडवत नाही. त्याच्या उडवण्यात सवयी असतात, भीती असते, कधीकाळी खाल्लेला मार असतो. ते पाठ करायला वेळ लागतो. म्हणून पुण्याजवळच्या एका संस्थेत आम्हाला खुर्चीत बसवलं, कोपरापर्यंत बारीक तारांचे हातमोजे चढवले, डोळ्यांसमोर कॅमेरे लावले आणि हजारो प्रसंग उडवून घेतले. स्नायूत वीज कधी उठते, नजर आधी कुठं जाते, मन कुठं कचरतं, सगळं टिपलं. त्यावरून यंत्रानं माझी उडवायची रीत शिकून घेतली आणि ती नखाएवढ्या चिपमध्ये बसवली. त्या चिपचं नाव हात. ती ज्या ड्रोनमध्ये असते ते ड्रोन मी उडवल्यासारखं उडतं, मी इकडं भाकरी थापत असले तरी.

पण हात शिळा होतो. चाळीस दिवसांत समोरचे त्याचीही रीत ओळखतात. मग जिवंत माणसानं नवे डाव बघून, त्यातून उडवून, परत त्या खुर्चीत बसायचं. बसायचं तेही मनापासून. जबरदस्तीनं बसवलं तर दंड ताठतो, मोजणी बिघडते आणि हात कच्चा निघतो. सगळी गोम इथं आहे. बंदूक एकदा दिली की दिली. हात मात्र दर चाळीस दिवसांनी मागायला यावं लागतं.

युद्ध संपल्यावर हे दिल्लीच्या ध्यानात आलं. परराष्ट्र खात्यातल्या देवयानी प्रभुदेसाई आमच्यासारख्यांची कामं बघायच्या. सरळ बाई, खोटं बोलायच्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "सारिकाताई, पूर्वी मोठे देश तेल देऊन मित्र जोडायचे, मग कर्ज देऊन. आता आपण हात देतो. आपल्याशी वाकडं वागलं की चाळीस दिवसांत त्यांचं आकाश उघडं पडतं."

"म्हणजे विरजण," मी म्हटलं. "दही संपलं की शेजारीण परत आपल्याच दारात."

त्या खूप हसल्या. पुढं एका मोठ्या बैठकीत त्यांनी ते वाक्य आपलं म्हणून वापरलं, आणि तेही मला येऊन सांगितलं. म्हणून तर म्हणते, सरळ बाई.

आता थांब्याचं. आमच्या बागेत विरळणीच्या, म्हणजे घडांतले जादा मणी काढायच्या दिवसांत तीस-चाळीस बायका ओळीत असतात. हात वर, मान वर, लक्ष घडांत. ओळ संपली की कुठं न बघता बाहेर येतात. आण्णांच्या ट्रॅक्टरखाली एकदा अशीच एक बाई येता येता वाचली. तेव्हापासून त्यांचा नियम. ओळीचं टोक आलं की थांबायचं, दोन श्वास घ्यायचे, माणसाला वाट द्यायची आणि मग वळायचं. मला ड्रोन शिकवतानाही त्यांनी हेच घोटून घेतलं. ते माझ्या हाडांत इतकं बसलं की युद्धातही भिंत संपली, गल्ली संपली की माझं ड्रोन कोपऱ्यावर दोन श्वास थांबायचं. मला याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो संस्थेतल्या लोकांना. झालं असं, की समोरचे कोपऱ्यापलीकडं नेम धरून गोळी सोडायचे आणि माझं ड्रोन अलीकडंच उभं असायचं. त्यामुळं माझी यंत्रं इतरांपेक्षा जास्त परत यायची. साहेब लोकांना वाटलं, काय चाल आहे. त्याला नाव दिलं कोळेकर-थांबा. मला आधी एसटीचा थांबा वाटला. चौदा देशांच्या लष्करी शाळांत त्यावर धडा आहे. एका परदेशी जनरलनं तर लिहिलं की ही हिमालयातल्या बिबट्याकडून उचललेली शिकारी चाल आहे. मी एकदा खरं काय ते सांगायला गेले, तर संस्थेतला इंजिनियर हात जोडून म्हणाला, "मॅडम, हे कृपा करून बाहेर बोलू नका." मी गप्प बसले. आण्णा तोवर गेले होते, नाहीतर त्यांना बिबट्याची गोष्ट सांगितली असती.

माझा धाकटा भाऊ धैर्यशील. नावाचा आणि स्वभावाचा काही संबंध नाही, लहानपणी कोंबडीला भ्यायचा. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायचं काम. त्या धंद्यापायी ती कुठंही जातात. धैर्या गेला सरमानला. सरमान म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या तोंडाशी बसलेला छोटा देश, पण तिथनं जगातली निम्मी जहाजं जातात म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. त्यातल्या इल्कत नावाच्या गावात, सराफांच्या गल्लीत, धैर्याची भट्टी होती. बरोबर बायको, सहा वर्षांची लेक, आणि आमच्याकडची अशीच पन्नास-साठ माणसं.

गेल्या साली इल्कत राजधानीवर उलटलं. सरमानच्या सैन्यानं गावाला वेढा घातला, रस्ते बंद. गावावर रोज ड्रोन यायला लागली. मी पेपरात वाचत होते, धैर्याला फोन करून जपून राहा म्हणत होते. सरमान हा त्या चौदा देशांपैकी एक आहे हे मला ठाऊक होतं, पण गावोगावच्या बंडाला माझा हात लावतील असं डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात यायला हवं होतं. उसनं दिलेलं माणूस कशालाही वापरतं.

धैर्याचाच एकदा फोन आला. आवाजात चक्क हसू.

"ताई, एक गंमत सांगू? हितली ड्रोनं कोपऱ्यावर थांबत्यात. गल्लीत कुणाला कळंना का ते. म्या बगितलं आणि वळखलं. आण्णांचा थांबा हाय ह्यो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता समद्यांस्नी शिकवलंय," तो म्हणाला. "कोपऱ्याला ड्रोन आलं की भ्यायचं न्हाई. दोन श्वास मोजायचे, तेवढ्यात पलीकडच्या दारात शिरायचं. नुरेकनं काल चौघा म्हाताऱ्यांना असंच पार केलं." नुरेक हा तिथलाच माणूस, भट्टीवर त्याचा भागीदार. "म्या सांगितलंय त्येंना, माज्या बहिणीचा हात हाय, माणसाला वाट देतोय."

फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन तीनदा तोंड धुतलं. माझ्याच हातानं माझ्या भावाच्या गल्लीवर घिरट्या घालायच्या, आणि त्यानं वर कौतुकानं मला ते सांगायचं. राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर कुठंतरी बरंही वाटलं, की निदान थांबतोय तरी.

आठ दिवसांनी देवयानीबाई दारात. दुपारची वेळ, हणमंत बागेत. मी चहा ठेवला. त्यांनी पहिला घोट घेतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"सरमानची तक्रार आहे. इल्कतच्या लोकांनी तुमचा थांबा ओळखलाय. त्यांना नवा हात हवाय, थांबा नसलेला."

"मग काढा की तुम्हीच. संस्थेत एवढी हुशार माणसं बसलीत."

"प्रयत्न केला. निघत नाही. तुमचं वळण, तुमचा वेग, वाऱ्याचा अंदाज, सगळं त्या थांब्याला धरून बसलंय. तो कापला की यंत्र भिंतीवर आदळतं."

मला पटलं. वाकळेतला एक टाका ओढला की कडेपर्यंत उसवत जाते, तसंच ते असणार.

"म्हणजे मी थांबल्याशिवाय उडवायला शिकायचं, आणि तसा हात तुम्हाला द्यायचा."

"हो."

"थांबा मी काढायचा, मरायचं त्या गल्लीनं, आणि आपल्याला काय मिळणार?"

"समुद्राच्या तोंडावरचं बंदर," त्या म्हणाल्या. "मी गोड करून सांगणार नाही. ते बंदर आपल्याकडं आलं तर पुढची चाळीस वर्षं आपल्या जहाजांना कुणाच्या पाया पडावं लागणार नाही. आपण नाही म्हटलं तर पंधरा दिवसांत दुसरा देश त्यांना स्वतःची यंत्रं देईल. त्या यंत्रांत थांबा कधीच नव्हता. गल्ली तेव्हाही मरेल, ताई. फक्त बंदर त्यांचं होईल."

मी कपबशी उचलायला लागले, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आणखी एक आहे. दोन बसा सोडायला सरमान तयार आहे. आपली सगळी गलाईची माणसं बाहेर येतील. तुमचे भाऊ पहिल्या बसमध्ये."

"हे आधी सांगायचं होतं."

"आधी सांगितलं असतं तर बाकीचं तुम्ही ऐकलंच नसतं," त्या म्हणाल्या. "एकच अट. हे कुणाला कळता कामा नये. भावालाही नाही. गल्लीला चाहूल लागली तर हात पहिल्याच दिवशी शिळा, आणि बसाही तिथंच थांबतील."

त्या गेल्यावर मी धैर्याला फोन लावला. मनात होतं, आडून आडून विचारावं. पण त्यानंच रडायला सुरुवात केली. आदल्या दिवशी समोरचं घर पडलं होतं. त्याची लेक दोन दिवस बोलत नव्हती.

"ताई, मला घरला यायचंय. तुजी वरपर्यंत वळख हाय. काय करायला लागंल ते कर."

माझा भाऊ आहे. मला दुसरं काही सुचलं नाही. हो म्हटलं.

हणमंतला रात्री जेवताना सगळं सांगितलं. अट असली तरी नवऱ्याला सांगितलं, त्याच्याकडून गोष्ट फुटायची तर आधी त्याला बोलावं लागेल. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"जित्याची खोड ती," तो म्हणाला. "निघंल व्हय?"

निघाली. तेच सांगायचंय. संस्थेत मी नऊ दिवस त्या खुर्चीत बसले. पहिले पाच दिवस अंगठा आपोआप सैल पडायचा. कोपरा आला की हात थांबायचा, मी मनातून शिव्या देत असले तरी थांबायचा. इंजिनियर म्हणाला, "मॅडम, कोपऱ्यावर कुणी नाही असं समजा." मी रोज तेवढंच काम केलं. कोपऱ्यावर कुणी नाही, कुणी नाही, असं मनाला सांगत राहिले. आण्णांचा चेहरा आला की डोळे मिटायचे आणि धैर्याच्या लेकीला आठवायचं. सातव्या दिवशी थांबा एका श्वासावर आला. नवव्या दिवशी मी एकापाठोपाठ एक चाळीस कोपरे वळले आणि एकदाही थांबले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटत होतं अवघड जाईल ते हाताला शिकवणं. अवघड मन होतं, आणि तेही नऊच दिवसांत ऐकायला लागलं. याचं मला फार वाईट वाटलं.

पहिली बस निघाली. देवयानीबाईंचा फोन आला, "तुमचे भाऊ सीमेपलीकडं आलेत. नवा हात यंत्रांत शुक्रवारी चढेल. तो चढला की शनिवारी दुसरी बस." दुसऱ्या बसमध्ये एकेचाळीस माणसं होती, सगळी आमच्या विटा-खानापूरकडची.

बुधवारी संध्याकाळी धैर्या बायको-लेकीला घेऊन माझ्या घरी आला. वाळून कोळ झालेला. त्याची लेक माझ्या मांडीवर बसली आणि बसल्याबसल्या झोपली. शेजारपाजारच्या बाया आल्या. दुसऱ्या बसमधल्यांपैकी दोघांच्या आया नारळ घेऊन आल्या, माझ्या पाया पडायला लागल्या. मी मागं सरले. म्हटलं, अजून तुमची माणसं यायचीत, नारळ ठेवा तोवर. त्यांना वाटलं, मी नम्रपणानं बोलतेय.

गुरुवारी सकाळी मी चुलीपुढं होते. धैर्या बाहेर ओट्यावर फोन लावून बसला होता. तिकडची भाषा बोलत होता, घसा साफ केल्यासारखी. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण एकदा डोकावून बघितलं तर त्यानं दोन बोटं वर केली होती आणि छाती भरून श्वास घेत होता, सोडत होता. पलीकडच्याला फोनवर बोटं दिसणार थोडीच. तरी दाखवत होता.

मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले.

"काय सांगतोयस त्याला?"

धैर्यानं फोनवर तळवा ठेवला. "नुरेक हाय. उद्या दुपारी त्याच्या आईला खालच्या आळीला हलवायचंय. म्हातारी पायानं अधू, पाठीवर घिऊन जाणार. मदी पाच कोपरे हायेत. भ्यालाय त्यो. म्हटलं, येड्या, भ्यायचं काय कारण? पाच कोपरे, दहा श्वास. आपलंच ड्रोन हाय ते."

उद्या दुपारी. म्हणजे शुक्रवार.

मी चौकटीला धरून उभी राहिले. माझ्याकडं बोलायला काही नव्हतं असं नाही. सगळं होतं. बोलले तर संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली सावध होणार, सरमानला कळणार, शनिवारची बस निघणार नाही. एकेचाळीस माणसं. काल माझ्या पाया पडणाऱ्या बायांची नावं मला ठाऊक होती. वर चाळीस वर्षांचं बंदर. देवयानीबाईंना दिलेला शब्द. आणि नाही बोलले तर नुरेक म्हातारीला पाठीवर घेऊन पहिल्या कोपऱ्यावर येणार, वर माझा हात बघणार आणि धीरानं श्वास मोजायला लागणार. तो नुसता पळाला असता तर कदाचित वाचलाही असता. माझ्या भावानं शिकवलं म्हणून तो उभा राहणार होता. गल्लीत मागं राहिलेली आमची एकेचाळीस माणसंही शुक्रवारभर तशीच उभी राहणार होती. सगळ्यांनाच माझ्यावर विश्वास ठेवायला शिकवलं होतं.

हा हिशेब मी नंतर मांडला असं म्हणू नका. तिथंच, चौकटीला धरून, सगळा एकदम कळला. आणि मला माझी इतकी किळस आली की बोलण्याशिवाय इलाज राहिला नाही.

"त्याला सांग, थांबणार नाही."

"काय?"

"ड्रोन. उद्यापासून कोपऱ्यावर थांबणार नाही. श्वास मोजू नका म्हणावं. कोपऱ्यावर उभं राहूच नका."

धैर्याचा तळवा फोनवरून सरकला. फोनमधून नुरेकचा आवाज येत होता, बारीक, परत परत काहीतरी विचारणारा.

"तुला कसं ठावं?"

"मीच काढलाय थांबा. नऊ दिवस बसून काढला."

"का पण?" आणि मग त्यालाच कळलं. त्याचं तोंड बघवेना. "माज्यासाठी?"

"हो."

मला वाटलं ओरडेल. लहानपणी माझ्यावर रागावला की धोंडा उचलायचा. आता नुसता खाली बघत बसला. आत लेक उठली होती आणि आत्याला हाक मारत होती. मग त्यानं फोन कानाला लावला आणि बोलायला लागला, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, परत परत सांगत. मधेच त्याचा आवाज फुटायचा, तो थांबायचा आणि पुन्हा धरायचा. त्या सगळ्या बोलण्यात मला एकच शब्द कळला. ताई.

मी आत जाऊन हात धुतले आणि देवयानीबाईंना फोन लावला. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. त्यांनी लगेच उचलला.

"बोला, सारिकाताई."

"मी गल्लीला सांगितलंय," मी म्हटलं. "आत्ताच. भावाच्या तोंडून. पुढं तुम्ही काय कराल ते करा, मी घरीच आहे."

पलीकडं माणसांचे आवाज होते, कुठंतरी दार लागलं आणि ते बंद झाले. त्या संतापल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"कधी सांगितलंत?"

"पाच मिनिटं झाली."

"सरमानला कळायला संध्याकाळ होईल," त्या म्हणाल्या, जणू माझ्याशी नाहीच. मग एकदम वेगळ्या आवाजात, "फोन ठेव, सारिका. बस आजच काढता येते का बघते. बाकीचं तुझं-माझं नंतर."

मी फोन ठेवला. हणमंत दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. आत येऊन त्यानं चुलीवरची करपायला आलेली भाकरी उलटली. बाहेर धैर्याचं अजून चालूच होतं. पाच कोपरे होते, आणि प्रत्येकापाशी काय करायचं ते तो नुरेकला पहिल्यापासून समजावून सांगत होता.